वच्छावहिनीचा वाफा

शेवंतीच्या फुलापेक्षा तिच्या पाल्याचाच वास माझ्या नाकात जास्त बसला आहे. कडूसर, औषधी, एकदा बोटांना लागला की दिवसभर न जाणारा. शेंडे खुडायच्या दिवसांत तो भाकरीला यायचा, डाळीच्या घुट्याला यायचा, शाळेच्या पाटीला यायचा. आता माझ्या हातांना साबणाशिवाय कसलाच वास येत नाही. पण बाजारात शेवंतीची पाटी दिसली की मी फूल सोडून एखादं पान चुरगळते आणि फुलवाली माझ्याकडे रागानं बघते. तिचं बरोबरच आहे. घ्यायचं नसेल तर हात कशाला लावायचा!

आमचं घर भोरला, गावाच्या कडेला, नीरेकडे उतरणाऱ्या वाटेवर होतं. घर एक आणि चुली दोन. पुढचा सोपा आणि अंगण थोरल्या चुलत्यांकडे, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. मागची पडवी आणि गोठ्याकडची जागा आमच्याकडे. नाना, म्हणजे माझे वडील, शेताचं बघत आणि आई परसातली शेवंती. पिवळी, बारीक पाकळीची. आईला त्या झाडांचं वेड होतं आणि त्यांच्या बाबतीत ती भारी शिस्तीची होती. फुलं सरली की झाड बुडातून छाटायचं. बुडाशी फुटवे आले की ज्येष्ठात ते मुळासकट उपसून नव्या वाफ्यात लावायचे. वीतभर झाले की शेंडा खुडायचा, म्हणजे झाड उंच न जाता अंगानं भरतं. पुन्हा फुटलं की पुन्हा खुडायचा. मात्र गौरी उठल्या की शेंड्याला कुणी बोट लावायचं नाही, कारण त्यानंतर येईल तो शेंडा कळीचा. हे सगळं मी सात-आठ वर्षांची असल्यापासून तिच्या मागंमागं फिरून शिकले होते आणि या कामात भोरात आपल्या तोडीचं दुसरं कुणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आई तसं कधी म्हणाली नव्हती. ती एकूणच कमी बोलायची. मला हाक मारायची तीसुद्धा ‘अगं ए’ अशी.

मी तेराव्या वर्षात होते तेव्हा आबांच्या सदादादाचं लग्न झालं आणि किकवीची वच्छावहिनी घरात आली. सतरा-अठराची, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. तिच्या रुखवतात भांडी बेताची होती, पण आणखी एक गाठोडं होतं. ओल्या फडक्यात बांधलेले शेवंतीचे फुटवे. ते बघून थोरली, म्हणजे माझी चुलती, तोंड वाकडं करून म्हणाली, “लुगडी आनायची सोडून तन आनलंय.” आई मात्र तिथंच उकिडवी बसली. तिनं फडकं सोडलं, एक फुटवा उचलला, मुळं बघितली, पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, “पोरी, ही थोराड फुलाची हाय व्हय? लई दिस बघितली न्हवती.”

पोरी! मला आजही तो दिवस लख्ख आठवतो, कारण मी तिथंच उभी होते, नव्या परकराचा काठ हातात धरून. जन्मात मला जी हाक मिळाली नव्हती, ती हिला उंबरा ओलांडून दोन दिवस झाले नाहीत तोवर मिळाली. त्या क्षणापासून मी वहिनीवर जळायला लागले. याला दुसरा शब्द नाही आणि या वयात तो शोधायची मला गरजही वाटत नाही.

वहिनी तशी गरीब स्वभावाची. मला ‘वन्सं’ म्हणायची, मी तिच्याहून एवढी लहान असून अहो-जाहो करायची. तिनं आपला वाफा केला तो पुढच्या अंगणात, आबांच्या भिंतीच्या पायथ्याशी, जिथली माती लोण्यासारखी होती. सासूचा डोळा चुकवून ती मागच्या पडवीत यायची आणि आई तिचे केस विंचरायची. माझ्या केसांत फणी घातली की आईचा हात असा चालायचा जणू खरारा करतेय, आणि हिच्या केसांत तोच हात हळूहळू फिरायचा. मी आंबेमोहोराची पेज घेऊन चुलीपाशी बसायची आणि मुद्दाम भुरके मारायची. आई म्हणायची, “अगं ए, जनावर हायस का?” वहिनी हसायची. ती हसली की मला पेज गोड लागत नसे.

त्या वर्षी दिवाळीला वहिनीचा वाफा असा फुलला की वाटेनं जाणारे थांबून बघायला लागले. एकेक फूल तळहाताएवढं. त्यापुढं आमची शेवंती बटणांसारखी दिसायला लागली. आई स्वतः लोकांना पुढच्या अंगणात नेऊन तो वाफा दाखवायची. “आमच्या वच्छीच्या हाताला गुन हाय,” असं म्हणायची. शेंडे मीही खुडले होते, पाणी मीही घातलं होतं. पण ते सांगणार कुणाला?

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आबांनी वीज घेतली. आमच्या आळीत पहिलाच दिवा. एक सोप्यात आणि एक बाहेर, अंगणाकडच्या भिंतीवर, बरोबर वहिनीच्या वाफ्यावर. आबांची हौस ही, की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. आम्ही मागं कंदिलाची काच राखेनं घासायचो आणि पुढं दिवाळी. त्यातही गंमत अशी की बटण दाबायचा मान फक्त आबांचा. थोरलीला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की ओल्या हातानं बटण धरलं तर माणूस चिकटून बसतं, म्हणून ती त्या कोपऱ्यालाच जायची नाही. आबा जेवले की आडवे व्हायचे आणि घोरायला लागायचे. बाहेरचा दिवा तांबडं फुटेपर्यंत तसाच जळत राहायचा. सकाळी उठून आबा खट्‌ करून बटण बंद करायचे, तो आवाज मागच्या पडवीत ऐकू यायचा आणि मी अंथरुणातच दात-ओठ खायची. म्हणजे आता वहिनीला दिवासुद्धा!

गौरींच्या आधीची गोष्ट. आमची म्हैस व्याली आणि आठ दिवसांत दूध आटलं. आईनं तिची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, पाच लाल मिरच्या मुठीत घेऊन शेपटीपासून शिंगापर्यंत तीनदा उतरवलं आणि ती मूठ माझ्या हातात दिली. “जा, चुलीत टाक. मागं बघू नगंस.” दृष्ट लागलेली असेल तर मिरचीचा ठसका येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. मी चुलीकडं निघाले आणि पडवीच्या कडेनं मला पुढचं अंगण दिसलं. वहिनी शेंडे खुडून हात धूत होती, वाफा असा तजेलदार की डोळ्यांत सलावा. ती आत गेली. मी चुलीला वळसा घालून पुढं गेले, वाफ्याच्या मधोमध बोटांनी खड्डा केला आणि म्हशीची सगळी पीडा त्यात पुरली. वर माती सारखी केली. तोंडानं म्हटलंसुद्धा, “एक फूल येऊ नगं.” मग परत आले. आईनं विचारलं, “ठसका आला का गं?” मी म्हटलं, “न्हाई आला.” “बघ,” आई नानांना म्हणाली, “केवढी दिष्ट व्हती.”

नवरात्र गेलं. आमच्या गोठ्याकडच्या काळोख्या जागेतल्या वाफ्यात मोहरीएवढ्या कळ्या धरल्या. वहिनीचा वाफा मात्र नुसता वाढत होता. पानं हिरवीगार, खोडं बोटाएवढी, झाडं माझ्या कमरेच्या वर, आणि कळी म्हणून नाही. मूठभर मिठानं वाफा जळला असता तर मी समजले असते. जळणं सोडाच, तो माजला होता. दिवाळी आली. आमच्याकडे पिवळा सडा आणि पुढं हिरवं रान. पाण्याच्या रांजणाच्या आडोशाला कोपऱ्यात दोन झाडं होती, तेवढ्यांना चार-चार कळ्या आल्या होत्या. कुणी त्याचा विचार केला नाही. मीही नाही.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला आनंद झाला. आई आता लोकांना मागच्या परसात आणायला लागली, आणि एकदा तर बाजारच्या बाईला म्हणाली, “हे हौसाच्या हातचं.” हौसा म्हणजे मी. ते ऐकून मी दिवसभर हवेत होते. पण पुढच्या अंगणातलं बोलणं हळूहळू बदलायला लागलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि वहिनीला दिवस गेले नव्हते. तोवर ते नुसतं कुजबुजीत होतं. एका दुपारी थोरलीनं अंगणात, सूप खाली आपटून, सगळ्यांसमोर तोंड सोडलं.

“मानसाची कूस देवाच्या हाती, मान्य हाय. पर झाडसुदिक हिच्या हातानं फुलंना? मागल्या साली फुललं ते हिच्या म्हायारची माती मुळाला व्हती म्हनून. आता आमच्या मातीत बघा. धाकटे, तुझी हायती की फुललेली, एकाच घरात!”

आई म्हणाली, “अक्का, झाडाचं आन्‌ मानसाचं एक करू नगासा. पोरीचा काय दोस? मातीत कायतरी आसंल.” आणि मग माझ्याकडं वळून, “हौसे, तू दिसभर हितंच आसतीस. कुनी काय टाकलं का गं वाफ्यात?”

वहिनी दारात उभी होती. तिनंही माझ्याकडं बघितलं, आशेनं. मी ‘टाकलं’ म्हटलं असतं, तर थोरलीनं माझ्या झिंज्या उपटल्या असत्या, आईनं चटका दिला असता, पंधरा दिवस घरात बोलणं झालं असतं आणि वहिनीवरचा आळ तिथल्या तिथं पुसला गेला असता. हे सगळं मला त्या वेळी कळत होतं. लहान होते, समजत नव्हतं, असं मी कधीच म्हणत नाही. मला समजत होतं. पण आईनं ‘पोरीचा काय दोस’ म्हटलं होतं, आणि ती पोरगी मी नव्हते.

“मला काय ठावं?” मी म्हटलं.

कार्तिकात वहिनीचे वडील तिला न्यायला आले. “चार दिस ऱ्हाऊ द्या तिकडं, हवापालट हुईल,” असं थोरली गोड आवाजात म्हणाली. त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. सदादादा सकाळीच शेतावर निघून गेला होता. तो भला माणूस होता, पण थोरलीपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. वहिनी मागं आली, आईच्या पाया पडली, आणि माझी आई, जी कधी रडताना मी बघितली नव्हती, तिला पोटाशी धरून हुंदके देऊन रडली. तेव्हासुद्धा, ऐका, तेव्हासुद्धा माझ्या मनात काय आलं? माझ्या लग्नात आई एवढी रडेल का? ही असली मी. वहिनी डोळे पुसून मला म्हणाली, “वन्सं, माझ्या वाफ्याला पानी घाला. उपटून टाकू नगासा, झाड चांगलं हाय.” मी मान हलवली.

ती गेल्यावर आठवडाभरात अंगणातला दिवा उडाला. नवा आणायला पुण्याला जायला हवं होतं आणि घरातल्या त्या वातावरणात आबांची हौसच मावळली होती. भिंतीवर नुसती काळी वायर लोंबत राहिली. मी रोज पाणी घालत होते, आणि त्या जागेपाशी बसून मनातल्या मनात म्हणत होते, माझं मीठ परत घे, फुलं येऊ देत. मार्गशीर्ष निम्मा सरला असेल. एका सकाळी बघते तर शेंड्याशेंड्यावर कळ्या! झाडाला दहा-दहा, पंधरा-पंधरा. मी ओरडतच आत गेले. मला वाटलं, सुटले. फुलं आली, आता वहिनीला आणतील.

थोरली बाहेर आली. तिनं पदर कमरेला खोचला, कळ्यांकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “बघा. ती गेली आन्‌ झाडानं श्वास घेतला.” संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. पायगुण, पायगुण. त्यानंतर सदादादासाठी दुसरी मुलगी बघायला कुणाची हरकत उरली नाही. पौषात नसरापूरचं स्थळ ठरलं, माघात बार उडवायचा, त्याआधी पंच बसवून किकवीकरांकडून काडीमोड घ्यायची.

आता जे सांगते ते मला कळायला सारं आयुष्य जावं लागलं. चार-पाच वर्षांपूर्वी माझा नातू मला त्याच्या मित्राची फुलशेती दाखवायला घेऊन गेला. शेवंतीच शेवंती, आणि तिच्यावर ओळीनं दिवे टांगलेले. मी म्हटलं, हे कशाला, लग्न आहे का? तो पोरगा हसला. म्हणाला, “आजी, शेवंतीला काळोख लागतो. रात्र मोठी झाली की तिला कळी येते. आम्हाला फुलं उशिरा हवी असली की रात्री दिवे लावून ठेवतो. उजेड असेपर्यंत ती नुसती वाढते, फुलत नाही. दिवे काढले की दीड-दोन महिन्यांत फुलं.” मी तिथंच बांधावर बसले. नातवाला वाटलं, ऊन लागलं. आबांची हौस आणि थोरलीची बटणाची भीती, एवढंच होतं ते. ज्या दिव्यासाठी मी जळत होते त्यानंच तिचा घात केला. माझ्या मिठात काही नव्हतं. पण ‘मला काय ठावं’ हे तर मीच म्हटलं होतं ना? तो शब्द कुठल्या दिव्यानं माझ्या तोंडात घातला नव्हता.

पौष सरत आला तशी फुलं उमलली, तळहाताएवढीच. काडीमोडीचं बोलायला नानांना किकवीला पाठवायचं ठरलं. आदल्या दिवशी आईनं कुणाला न विचारता पुढच्या अंगणात जाऊन सगळी फुलं तोडली आणि पाटी माझ्यापुढं ठेवली. थोरली काही बोलायला गेली, पण आईच्या तोंडाकडं बघून मागं वळली. “लावन तिची, फुलं तिची,” आई म्हणाली. “तू जा नानासंगं. तिच्या हातात दे.”

एसटीत मी ती पाटी मांडीवर घेऊन बसले. किकवीत नाना ओसरीवर वहिनीच्या वडिलांपाशी टेकले आणि मला म्हणाले, “जा मागं.” वहिनी मागच्या दारी शेंगा फोडत बसली होती. वाळली होती. मला बघून ती चटकन उठली, ओटीतल्या शेंगा सांडल्या.

“वन्सं! माझी हायती?”

“तुमचीच.”

तिनं दोन्ही हात पाटीत घातले. “म्या म्हनत न्हवते, झाड चांगलं हाय म्हनून?” ती घरात तोंड करून ओरडली, “आये, बघ की फुलं! माझं धडकं लुगडं काढ, चुलत सासरं आल्यात न्यायाला!” तिची आई दारापर्यंत आली, माझ्याकडं बघितलं आणि परत आत गेली. तिला बहुधा कळलं होतं.

माझा धीर सुटला. “वयनी, म्या मीठ पुरलं व्हतं तुमच्या वाफ्यात. म्हशीची दिष्ट काढलेलं. गौरीच्या आदी.”

“का वं?”

“आई तुमाला पोरी म्हनती म्हनून.”

आणि वहिनी हसली. मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं. “आवं, मूठभर मिठानं कुठं फुलं आडत्यात? तवापस्नं हे घिऊन फिरताय? येडी हायसा निव्वळ.” मी भोकाड पसरलं. इतक्या दिवसांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तिच्या लुगड्याला शेंगांचा वास येत होता.

मग तिनं मला बाजूला केलं, एक फूल उचललं, देठ उलटा करून नीट बघितला. फुलाची जाण तिला होतीच.

“पर लई उशीर क्येला वं हिनं. कळी कवा धरली?”

खोटं सांगता आलं असतं. नवरात्रात म्हणता आलं असतं.

“मार्गशीर्षात,” मी म्हटलं.

ओसरीवरून नानांचा खालचा आवाज येत होता, आणि मधूनच तिच्या वडिलांचं खाकरणं. ती थोडा वेळ तिकडं कान देऊन उभी राहिली.

“म्हंजी म्या हितं आल्यावर.”

“व्हय.”

तिनं ते फूल हळूच परत पाटीत, बाकीच्या फुलांत ठेवलं. खाली बसून सांडलेल्या शेंगा एकेक करून ओटीत गोळा केल्या. वर न बघताच तिनं विचारलं, “नवी कुठली हाय?”

“नसरापूरची,” मी म्हणाले.